जपानी मद्यनामे आणि मद्यकर

जपानी मद्यांविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते, त्यात ‘साके’ हा शब्द तांदळापासून आंबवून केलेल्या एका विशिष्ट मद्याचा वाचक म्हणून योजिला जातो. खुद्द जपानी भाषेत मात्र तो मद्यमात्राचा वाचक आहे. बीअर, व्हिस्की, वाइन ही सर्वच त्याच्या कक्षेत येतात. तांदळाच्या मद्याचा नेमका निर्देश करावयाचा तर जपानी माणूस ‘निहोन्शू’, म्हणजे ‘जपानचे मद्य’, असे म्हणतो. कायद्याचा मजकूर त्यालाच ‘सेइशू’, म्हणजे ‘निर्मळ मद्य’, असे म्हणतो. एकाच पेयास ही तीन नावे का असावीत, याचा मागोवा घेतला असता असे दिसते की, ही नावे जितकी बोलणाऱ्यांनी घडविली तितकीच ती व्यापाराने व करवसुलीने घडविली. हा क्रम दाखविणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

सर्वांत जुना थर अर्थातच देशी आहे. इ. स. ७१२ मधील ‘कोजिकी’ या ग्रंथात सुसानोओ हा देव आठ फण्यांच्या सर्पास साके पाजून मारतो. ‘साकाया’ (मद्याचे दुकान), ‘साकाझुकी’ (चषक) यांसारख्या सामासिक शब्दांत या शब्दाचे रूप ‘साका’ असे होते. पाऊस या अर्थाच्या ‘आमे’चेही समासात असेच ‘आमा’ होते. अशी बद्ध रूपे अधिक जुनी असल्याचे अभ्यासक मानतात; यावरून शब्दाचे प्राचीनत्व लक्षात यावे. ९२७ मध्ये सिद्ध झालेल्या ‘एंगिशिकी’ या नियमसंग्रहात राजवाड्यातील मद्यखात्याचे व तेथे होणाऱ्या मद्यप्रकारांचे वर्णन आहे. ‘कोजी’ नामक बुरशीने तांदळातील पिष्टाची साखर करावयाची आणि त्याच भांड्यात त्याच वेळी किण्वाने तिचे मद्य करावयाचे, ही या पद्धतीची विशेषता होय.

दुसरा थर सोळाव्या शतकातील सागरी व्यापाराचा. १५४६ मध्ये दक्षिण जपानात उतरलेल्या जोर्जे आल्व्हारेश या पोर्तुगीज नाविकाने तेथील तांदळाच्या ऊर्ध्वपातित मद्याचा निर्देश ‘ओर्राका’ या शब्दाने केला. हा शब्द त्याने जपानात ऐकलेला नव्हे. पूर्वेकडील व्यवहारात पोर्तुगिजांच्या तोंडी तो आधीच रुळला होता. मूळ अरबी ‘अरक’. त्याचेच गोव्यातील रूप ‘उर्राक’ आज काजूच्या पहिल्या धारेच्या मद्यास लावतात, आणि मराठीतील ‘अर्क’ही याच कुळातला. जपानीत तो ‘आराकी’ झाला. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचे पोर्तुगीज नाव ‘आलंबीक’ हे ‘रान्बिकी’ झाले, तर तांबड्या द्राक्षमद्याचे विशेषण ‘तिंतु’ हे ‘चिंता’ झाले. स्थानिक लोकांचा स्वतःचा शब्द मात्र ‘शोचू’ हा होता. त्याचा एक जुना लेखी पुरावा मोठा बोलका आहे. कागोशिमा भागातील कोरियामा हाचिमान देवस्थानाच्या एका लाकडी भागावर १५५९ मध्ये तेथे काम करणाऱ्या सुतारांनी लिहून ठेविले आहे की, येथील प्रमुख इतका कृपण आहे की त्याने एकदाही शोचू पाजली नाही.

तिसरा थर मेइजी काळाचा. तो आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. १८९४–९५ च्या चीन-जपान युद्धानंतर सैन्यवाढीसाठी पैसा हवा होता आणि शासनाची दृष्टी मद्याकडे वळली. १८९६ मध्ये मद्यकराचा नवा कायदा झाला, १८९९ पासून घरगुती मद्यनिर्मिती पूर्णतः निषिद्ध ठरली आणि त्याच सुमारास मद्यकराने भूमिकरासही मागे टाकले. शेतकऱ्यांच्या घरी होणारे न गाळलेले मद्य, ‘दोबुरोकु’, हे यामुळे एका रात्रीत अपराधाचे नाव झाले. १९५३ च्या विद्यमान कायद्यातही ‘सेइशू’च्या व्याख्येत गाळण्याची अट आहे, म्हणजे ‘निर्मळ’ हे विशेषण केवळ वर्णनपर राहिले नाही, ते करवर्गाची सीमारेषा झाले. माएदा तोशिहिको यांनी स्वतःच्या सेवनासाठी दोबुरोकु करण्याचा हक्क न्यायालयात मांडला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला.

बीअर, व्हिस्की व वाइन यांचा इतिहासही याच चौकटीत पाहावा लागतो. बीअरला जपानी ‘बीरु’ म्हणतो, तो शब्द डच. परंतु ‘बिया होरु’ या समासातील ‘बिया’ इंग्रजी. १८९९ मध्येच तोक्योच्या गिन्झा भागात असे एक पानगृह उघडले. घरचे मद्य बंद झाले त्याच वर्षी शहरात कारखान्याच्या मद्याचे दालन सुरू व्हावे, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. १९०१ मध्ये बीअरवरही कर बसला. कर माल्टच्या प्रमाणावर अवलंबून असल्यामुळे १९९४ मध्ये सन्तोरीने माल्ट कमी करून ‘हाप्पोशू’, म्हणजे ‘फेसाळ मद्य’, बाजारात आणले. बीअरचे नाव सोडावे आणि कर वाचवावा, असा हा व्यवहार होता.

व्हिस्कीची कथा निराळी. तोरी शिन्जिरो यांचा व्यवसाय १९०७ पासून ‘आकादामा पोर्ट वाइन’ या गोड मद्यावर वाढला. १९२३ मध्ये त्यांनी यामाझाकी येथे व्हिस्कीचा कारखाना उभारण्यास आरंभ केला. स्कॉटलंडमध्ये शिक्षण घेतलेले ताकेत्सुरु मासाताका यांनी त्यांस साहाय्य केले व १९३४ मध्ये योइची येथे स्वतंत्र कारखाना काढला. १९७३ मध्ये ‘पोर्ट’ हे पोर्तुगालचे नाव त्या गोड मद्यावरून काढून टाकावे लागले. पुढे जपानने स्वतःच्या नावांसाठी हाच न्याय मागितला. २०१५ मध्ये ‘निहोन्शू’ला भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले, २०१८ पासून ‘जपानी वाइन’ हे नाव देशी द्राक्षांच्याच मद्यास राखून ठेवण्यात आले, २०२१ मध्ये उत्पादक संघाने ‘जपानी व्हिस्की’साठी जपानातच ऊर्ध्वपातन व लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरवण अशा अटी घातल्या.

२०२४ मध्ये युनेस्कोने कोजीपासून मद्य करण्याच्या परंपरेस वारशाचा मान दिला. त्या नोंदीतील ‘साके’ शब्दात शोचू व आवामोरिही अंतर्भूत आहेत. म्हणजे जगाने संकुचित केलेला अर्थ तेथे पुन्हा विस्तारला. मात्र ज्या स्वयंपाकघरांत ही विद्या शतकानुशतके टिकली, तेथे परवान्यावाचून मद्य करणे आजही गुन्हाच आहे. २००२ च्या विशेष-क्षेत्र कायद्यानंतर काही भागांतील, भोजनालय किंवा निवासगृह चालविणाऱ्या शेतकऱ्यांस तेवढी दोबुरोकुच्या परवान्यात सवलत मिळाली. तात्पर्य, मद्याचे नाव कागदपत्रांत आढळले की ते बोलणाऱ्याचे, व्यापाऱ्याचे की करअधिकाऱ्याचे, हे संशोधकाने प्रथम ठरवावे. ‘सेइशू’ची आकडेवारी ही देशातील मद्यपानाची आकडेवारी मानली, तर दोबुरोकु करणारा सारा समाज इतिहासातून वगळला जाईल.