केमोनंतरचा चट्टा ‘गरमी’ म्हणून सोडू नका

भाईंदरकरांनो, पोस्ट थोडी मोठी आहे. पण घरात कॅन्सरचा पेशंट असेल तर शेवटपर्यंत वाचा.

केमोथेरपीचं मूळ अंगावर फोड आणणाऱ्या युद्धातल्या विषात आहे. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मस्टर्ड गॅसचं भावंड असलेलं नायट्रोजन मस्टर्ड कॅन्सरच्या पेशंटला गुप्तपणे दिलं गेलं. पुढच्या वर्षी, २ डिसेंबर १९४३ ला, इटलीच्या बारी बंदरात बॉम्बहल्ला झाला आणि एका अमेरिकन जहाजातला मस्टर्ड गॅस पसरला. शेकडो लोक भाजले, त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घटल्या. आपलं परळचं टाटा हॉस्पिटल तेव्हा जेमतेम पावणेतीन वर्षांचं होतं. सुरुवात २८ फेब्रुवारी १९४१ ची.

केस गळणं, तोंड येणं हा औषधाचा थेट मार. पण दुसरा प्रकार वेगळा आहे. डोसिटॅक्सेल, कॅपेसिटाबिनसारख्या औषधांनी काही जणांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते आणि ऊन लागणाऱ्या भागावर ल्युपससारखे लाल चट्टे उठतात. इम्युनोथेरपी तर प्रतिकारशक्तीचा ब्रेकच काढते. त्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. त्यात खाज, पुरळ, कोड, सोरायसिस, क्वचित मोठे फोडही येतात.

हे आता श्रीमंतांपुरतं राहिलेलं नाही. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम. टाटाच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये केमोच्या गोळ्यांसोबत फक्त २० मिलिग्रॅम देऊनही फायदा होतो हे २०२२ मध्ये दाखवलं. म्हणजे आपल्या गल्लीतही असे पेशंट वाढणार.

आणि आपण काय करतो? मी भाईंदर पश्चिमेत कायम हेच ऐकतो, “गरमी झाली असेल.” मेडिकलमधून ट्यूब आणतात, नाहीतर घाबरून उपचारच सोडतात. दोन्ही घातक. वेळेत दाखवलं तर बहुतेक त्रास आटोक्यात येतो. फोड, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, साल सुटणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून आहे. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. पेशंट किंवा नातेवाईकही कळवू शकतात. माझी साधी मागणी आहे: आपल्या टेंभा रुग्णालयात आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात हा नंबर मराठीत, ठळक अक्षरांत लावा. बारीला डॉक्टरांनी नोंद ठेवली म्हणून जगाला कळलं. आपल्या चट्ट्याची नोंद आपणच करायची आहे.