उदरदर्शकीय बृहदांत्र शस्त्रक्रिया

उदरभित्तीला मोठा छेद न देता, लहान छिद्रांतून आत घातलेला प्रकाशयुक्त दर्शक आणि लांब दांड्याची उपकरणे यांच्या साहाय्याने बृहदांत्राचा (मोठ्या आतड्याचा) रोगग्रस्त भाग काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस ‘उदरदर्शकीय बृहदांत्र शस्त्रक्रिया’ म्हणतात. व्यवहारात ती ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हणून ओळखली जाते. बृहदांत्राचा कर्करोग, आंत्रभित्तीतून बाहेर फुगणाऱ्या पिशव्यांचा वारंवार होणारा शोथ, व्रणयुक्त बृहदांत्रशोथ इ. रोगांवर ती करतात. ही शस्त्रक्रिया तंत्रदृष्ट्या शक्य झाल्यानंतरही कर्करोगात ती सुरक्षित आहे, हे सिद्ध होण्यास एका तपाहून अधिक काळ लागला.

पूर्वपीठिका : ड्रेझ्डेन येथील वैद्य गेओर्ग केलिंग (१८६६–१९४५) यांनी १९०१ मध्ये हँबर्ग येथील परिषदेत कुत्र्याच्या उदरात गाळलेली हवा भरून, मूत्राशय तपासण्याच्या दर्शकाने आतील इंद्रिये पाहण्याचे प्रात्यक्षिक केले. स्वीडनमधील हान्स क्रिस्तियान याकोबेउस (१८७९–१९३७) यांनी १९१० मध्ये मानवातील अशा तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे अनेक वर्षे या पद्धतीचा उपयोग मुख्यतः निदानासाठी झाला. कील येथील स्त्रीरोगविशारद कुर्ट झेम (१९२७–२००३) यांनी १९८० मध्ये या मार्गाने आंत्रपुच्छ काढले, तेव्हा त्यांच्यावर समव्यवसायिकांनी कठोर टीका केली. जर्मनीतच एरिख म्यूए (१९३८–२००५) यांनी १९८५ मध्ये पित्ताशय काढले. व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे आतील दृश्य पडद्यावर दिसू लागले व सहायकालाही शस्त्रक्रियेत भाग घेता येऊ लागला. त्यानंतर पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत ही पद्धत झपाट्याने रूढ झाली. भारतात तेहेमटन उडवाडिया (१९३४–२०२३) यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून निदानासाठी उदरदर्शक वापरला होता. १९९० मध्ये त्यांनी देशातील पहिली उदरदर्शकीय पित्ताशय शस्त्रक्रिया केली.

बृहदांत्रातील अडचणी : पित्ताशय हे एका जागी असलेले लहान इंद्रिय आहे. बृहदांत्र सु. १.५ मी. लांब असून ते उदराच्या चारही भागांत पसरलेले असते. त्याच्या रक्तवाहिन्या मोठ्या असतात, त्यातील मलात असंख्य सूक्ष्मजंतू असतात आणि रोगग्रस्त भाग कापल्यावर उरलेली दोन टोके गळती न होईल अशी जोडावी लागतात. शिवाय काढलेला भाग लहान छिद्रातून बाहेर येऊ शकत नाही. त्यामुळे उदर कार्बन डाय-ऑक्साइड वायूने फुगवून, आतडे मोकळे करण्याचे व रक्तवाहिन्या बंद करण्याचे काम आतून करतात आणि शेवटी काही सेंमी. लांबीचा छेद देऊन तो भाग बाहेर काढतात. टोके जोडण्यासाठी टाचण्या मारणारी यंत्रेही वापरतात. अमेरिकेत मायॅमी येथे मोझेस जेकब्स यांनी १९९० मध्ये अशा पहिल्या शस्त्रक्रिया केल्या. २० रुग्णांवरील अनुभव त्यांनी सहकाऱ्यांसह १९९१ मध्ये प्रसिद्ध केला.

शंका व परीक्षण : लवकरच एक गंभीर बाब पुढे आली. कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांत उपकरणांच्या छिद्रांच्या जागीच कर्करोगाच्या गाठी उद्‌भवल्या. नेदर्लंड्समधील वैद्यांनी १९९४ मध्ये १४ पैकी ३ रुग्णांत असे घडल्याचे नोंदविले. छेद लहान झाला, पण बरा होऊ शकणारा रुग्ण त्यामुळेच दगावणार असेल, तर या लाभाला काहीच अर्थ उरत नव्हता. म्हणून कर्करोगासाठी ही पद्धत केवळ नियंत्रित चाचण्यांतच वापरावी, असे मत प्रबळ झाले. छेदाच्या कडांवर संरक्षक आवरण बसवून मगच आतडे बाहेर काढणे, अर्बुदाला प्रत्यक्ष न पकडणे इ. दक्षताही रूढ झाल्या.

अमेरिकेतील मोठ्या चाचणीत ४८ संस्थांमधील ८७२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. भाग घेणाऱ्या प्रत्येक शस्त्रक्रियाविशारदाने अशा किमान २० शस्त्रक्रिया आधी केलेल्या असाव्यात, अशी अट होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत रोग पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण उदरदर्शकीय गटात १६ टक्के व खुल्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के होते. हयात रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे ८६ व ८५ टक्के होते. जखमेच्या जागी कर्करोग होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत एक टक्क्याहून कमी आढळले. रुग्णालयातील मुक्कामाचा मध्यक सहा दिवसांवरून पाचवर आला आणि वेदनाशामकांची गरज कमी झाली. म्हणजे रोगमुक्तीच्या दृष्टीने नवी पद्धत जुनीहून सरस ठरली नाही, परंतु तिच्या तोडीची ठरली. तिचा लाभ रुग्ण लवकर सावरण्यात होता. मात्र २१ टक्के रुग्णांत मध्येच मोठा छेद द्यावा लागला. ब्रिटनमधील २००५ च्या चाचणीत हे प्रमाण २९ टक्के होते.

मर्यादा : गुदांत्र अरुंद श्रोणिगुहेत असल्यामुळे तेथील कर्करोगाबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यूरोपीय चाचणीत दोन्ही पद्धती समतुल्य आढळल्या. त्याच वर्षीच्या अमेरिकेतील एका चाचणीत व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील दुसऱ्या चाचणीत, काढलेल्या भागाच्या परीक्षणावरून तसे सिद्ध करता आले नाही. यंत्रमानवाच्या साहाय्याने केलेल्या गुदांत्र शस्त्रक्रियेतही, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७१ रुग्णांच्या चाचणीनुसार, मोठा छेद द्यावा लागण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाले नाही. आतडे अडथळ्यामुळे फुगलेले असणे, पूर्वीच्या शस्त्रक्रियांमुळे इंद्रिये एकमेकांस घट्ट चिकटलेली असणे किंवा रक्तस्राव न आवरणे अशा परिस्थितीत खुली शस्त्रक्रिया अनेकदा अधिक सुरक्षित असते. अशा वेळी मोठा छेद देण्याचा निर्णय शस्त्रक्रियेचे अपयश मानला जात नाही. छेदाची लांबी कितीही असली, तरी अर्बुद निरोगी ऊतकाच्या पुरेशा कडेसह व संबंधित लसीका ग्रंथींसह काढले जाणे ही मूळ अट दोन्ही पद्धतींना सारखीच लागू आहे.