बर्फाच्या वाटेवरील मोटारसायकल : संदेशवाहकाच्या कर्तव्यापासून पर्यटकाच्या साहसापर्यंत

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. या परिसरातील हिवाळा कोरडा व सुसह्य असतो. पारा पाच अंशांखाली उतरला तर ती वर्तमानपत्रातील बातमी होते. बर्फ पाहिलाच असेल तर तो गारपिटीच्या वेळी अंगणात पाहिलेला. असे असूनही मराठवाड्यातील तरुणांमध्ये मोटारसायकलवरून मनाली, लेह आणि खारदुंग ला येथे जाऊन येण्याची ओढ गेल्या दोन-तीन दशकांत वाढलेली दिसते. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी त्यासाठी पैसे साठवतात आणि परतल्यावर खिंडीवरील फलकाजवळ काढलेले छायाचित्र अभिमानाने दाखवितात.

या प्रवासाकडे सामान्यतः वैयक्तिक साहस म्हणून पाहिले जाते. परंतु मोटारसायकल हिमप्रदेशात प्रथम पोहोचली ती सैनिकी गरजेपोटी, आणि ज्या रस्त्यावरून ती धावते तो रस्ताही त्याच गरजेतून व असंख्य मजुरांच्या श्रमांतून निर्माण झाला. आजच्या साहसाच्या कथनातून हा इतिहास गळून पडला आहे. तो संक्षेपाने मांडणे आणि मराठी समाजाशी असलेला त्याचा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मराठी माणूस आणि उत्तरेचा हिवाळा

उत्तरेच्या थंडीशी मराठी माणसाचा परिचय जुना आहे. संत नामदेव (१२७०–१३५०) यांनी उत्तरायुष्यातील दीर्घ काळ पंजाबात व्यतीत केला. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याशी निगडित आहे. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. एप्रिल २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, त्यामागे हाच ऋणानुबंध होता. नामदेवांचा तो प्रवास रेल्वे व मोटारीपूर्वीच्या काळातील होता आणि पंजाबचे धुक्याचे, कडाक्याच्या थंडीचे अनेक हिवाळे त्यात सामावलेले होते.

दुसरा अनुभव कटू आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत येथे झालेल्या पराभवापूर्वी मराठी सैन्याने उत्तरेचा हिवाळा उपासमारीत व अपुऱ्या कपड्यांत काढला. रसद तुटली होती आणि दक्षिणेशी होणारा पत्रव्यवहारही खंडित झाला होता. पेशव्यांना पराभवाची वार्ता कळली ती सावकारी पत्र घेऊन निघालेल्या जासुदाकडून. जासूद, हरकारा, सांडणीस्वार ही मराठेशाहीतील संदेशवहनाची माणसे होती. त्यांच्या चालीवर व त्यांच्या जनावराच्या दमावर मोहिमांचे भवितव्य अवलंबून असे. विसाव्या शतकात हेच काम एका नव्या वाहनाकडे आले.

युद्धकाळातील मोटारसायकल

पहिले महायुद्ध सुरू होताच, ऑगस्ट १९१४ मध्ये, ब्रिटिश सैन्याबरोबर मोटारसायकलस्वार संदेशवाहक फ्रान्समध्ये दाखल झाले. तारा तोफगोळ्यांनी वारंवार तुटत, बिनतारी यंत्रणा बाल्यावस्थेत होती आणि घोडा लवकर थकत असे. त्यामुळे मुख्यालये व आघाडी यांमधील कागद पोहोचविण्याचे काम मोटारसायकलवर आले. १९१५ पासून वापरात आलेल्या ट्रायम्फ कंपनीच्या ‘एच’ नमुन्याच्या सुमारे ३०,००० गाड्या युद्धकाळात तयार झाल्या. याच पश्चिम आघाडीवर १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर व मीरत या भारतीय डिव्हिजन उतरल्या होत्या आणि पुणे हॉर्स हे घोडदळही तेथे लढले. भारतीय शिपायांनी युरोपचा बर्फ व चिखल प्रथम मोठ्या प्रमाणावर अनुभवला तो या हिवाळ्यात.

दुसऱ्या महायुद्धात यंत्राची परीक्षा अधिक कठोर झाली. जर्मन सैन्याच्या बीएमडब्ल्यू आर-७५ आणि झुंडाप केएस-७५० या गाड्यांना बाजूची डबी जोडलेली असे आणि त्या डबीच्या चाकालाही इंजिनाची शक्ती मिळे. तरीही १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या परिसरात वंगण गोठले आणि वाहने जागीच अडकली. सोव्हिएत संघाने बीएमडब्ल्यू आर-७१ च्या धर्तीवर एम-७२ ही मोटारसायकल तयार केली. शत्रू मॉस्कोजवळ पोहोचल्यावर तिचा कारखाना उरल पर्वतातील इर्बित येथे हलविण्यात आला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये तेथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या.

इटलीच्या आघाडीवर १९४४-४५ चा हिवाळा ॲपेनाइन पर्वतरांगांत काढणाऱ्या सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे शिपाई नामदेव जाधव हे आपल्या कंपनीचे संदेशवाहक होते. त्यांचे काम पायी धावत निरोप पोहोचविण्याचे होते. मागील मुख्यालयांतून तेच काम मोटारसायकलस्वार करीत. जासुदाची परंपरा आधुनिक सैन्यात अशा दोन रूपांत टिकून होती.

थंडी, यंत्र आणि शरीर

बर्फात मोटारसायकल चालविणे कठीण का, हे समजल्याशिवाय या इतिहासाचे मोल कळत नाही. दोन चाकांच्या वाहनाचा तोल रस्त्याच्या पकडीवर अवलंबून असतो. गोठलेल्या रस्त्यावर ती पकड जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे बाजूची डबी म्हणजे तिसरे चाक, किंवा टायरला गुंडाळलेल्या साखळ्या, असे उपाय योजले गेले. थंडीत वंगण घट्ट होते, बॅटरीची क्षमता घटते आणि गाडी किक मारून सुरू करणे जिकिरीचे होते.

उंचीची अडचण वेगळी आहे. सुमारे ५,३०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. कार्बुरेटरच्या गाडीत अशा ठिकाणी पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते, इंजिन धूर सोडते आणि शक्ती गमावते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या निकषांनंतर इंधन फवारणीची पद्धत सार्वत्रिक होऊन ही अडचण पुष्कळ कमी झाली.

स्वाराच्या शरीरावरील ताण मात्र कायम आहे. तापमान शून्य अंश असताना ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला उणे आठ अंशांइतकी थंडी जाणवते. म्हणजे स्वार आपल्याच वेगाने आपली थंडी वाढवीत असतो. प्रथम बोटे बधिर होतात, आणि क्लच व ब्रेक तर बोटांवरच अवलंबून असतात.

शांततेच्या काळात हीच अडचण युरोपात हौसेचा विषय झाली. जानेवारी १९५६ मध्ये एर्न्स्ट लेव्हरकुस या जर्मन मोटारसायकलप्रेमीच्या पुढाकाराने स्टुटगार्टजवळ हिवाळी मेळावा भरला. झुंडाप केएस-६०१ या गाडीच्या ‘हिरवा हत्ती’ या टोपणनावावरून तो ‘हत्तींचा मेळावा’ म्हणून ओळखला जातो. वेल्समध्ये १९६२ पासून फेब्रुवारीच्या थंडीत ‘ड्रॅगन रॅली’ भरू लागली. युद्धात ज्या पिढीने नाइलाजाने बर्फ तुडविला, तिच्या नंतरच्या पिढीने तो आनंदासाठी तुडविला, असा हा बदल आहे.

स्वातंत्र्योत्तर भारत : सीमा, वाहन आणि रस्ता

भारतात मोटारसायकल व बर्फ यांची गाठ काश्मीरच्या सीमेने घातली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, तेव्हा काश्मीरमधील युद्ध सुरूच होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ७व्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे ३,५०० मीटर उंचीची झोजिला खिंड चढून गेले. बालटालहून वर जाणारी वाट मद्रास सॅपर्सच्या अभियंत्यांनी तयार केली नसती, तर हा पराक्रम अशक्य होता. हिमप्रदेशात वाहनाआधी वाट करणारा जावा लागतो, हे या घटनेने दाखवून दिले.

युद्धानंतर दुर्गम सीमाभागात गस्तीसाठी भक्कम वाहनाची निकड भासली. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारत सरकारने रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी बुलेटची निवड केली आणि ८०० गाड्यांची मागणी नोंदविली. १९५५ मध्ये रेडिच येथील मूळ कंपनी व मद्रास मोटर्स यांच्या सहकार्याने एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि तिरुवोत्तियूर येथे उत्पादन उभे राहिले. आज लेहच्या वाटेवर ज्या गाडीचा थाट मिरविला जातो, तिच्या भारतातील प्रतिष्ठेचा पाया या सरकारी मागणीने घातला.

याच काळात रस्त्यांचेही काम सुरू झाले. ७ मे १९६० रोजी सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. श्रीनगर ते लेह हा मोटारमार्ग १९६२ मध्ये पूर्ण झाला. खारदुंग ला खिंडीतील रस्ता १९७६ मध्ये तयार झाला व सर्वसामान्य वाहनांना १९८८ मध्ये खुला झाला. येथे महाराष्ट्राचा संबंध थेट येतो. संघटनेचे मनुष्यबळ ज्या जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्समधून येते, तिचे केंद्र पुण्याजवळ दिघी येथे आहे. हिमालयातील खिंडींतून बर्फ उपसणारे व दरडी हटविणारे कर्मचारी या केंद्रातून जातात.

त्यांच्या बरोबरीने राबतात ते हंगामी मजूर. त्यांपैकी अनेक झारखंडमधील दुमका परिसरातून येतात. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, लडाखमधील रस्त्यांच्या कामासाठी दुमकाहून मजुरांची विशेष रेल्वेगाडी सोडण्यात आली, तेव्हा या श्रमाची देशाला काहीशी जाणीव झाली. पर्यटकाच्या छायाचित्रात खिंडीचा फलक असतो. रस्त्याच्या कडेला डांबराचे पिंप तापविणारा मजूर बहुधा चौकटीबाहेर राहतो.

फटफटीपासून पर्यटनापर्यंत

मराठवाड्याच्या खेड्यात मोटारसायकल प्रथम ‘फटफटी’ म्हणून आली. आवाजावरून पडलेले हे नाव बुलेट, जावा, येझदी व राजदूत अशा सर्वच गाड्यांना लागले. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाडा दुचाकींच्या उत्पादनाचे केंद्र बनला. त्याच सुमारास जपानी सहकार्याने कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आल्या. २००१ मध्ये पल्सर बाजारात आल्यानंतर लांबच्या प्रवासाची आकांक्षा मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्यात आली.

दुसरीकडे लडाख १९७४ मध्ये पर्यटकांना खुला झाला होता आणि मनाली–लेह मार्गही १९८९ पासून पर्यटनासाठी उपलब्ध झाला. तरीही हिवाळ्यात या खिंडी बंदच राहत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि लाहौल खोऱ्याला हिवाळ्यातही वाट मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा खुला झाला. पूर्वी सहा महिने तुटलेल्या खोऱ्यांत आज भर हिवाळ्यातही मोटारसायकलस्वार दिसतात. रुग्णाला वेळेत रुग्णालयात नेता येणे हा स्थानिकांच्या दृष्टीने या बोगद्यांचा पहिला लाभ आहे; पर्यटकाचा आनंद त्यानंतरचा. हा क्रम विसरला गेला तर पाणी, इंधन व कचरा यांचा भार त्याच लहान गावांवर पडतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, बर्फातील मोटारसायकल प्रवास हा तीन इतिहासांचा संगम आहे : संदेशवहनाचा, सीमेच्या संरक्षणाचा आणि रस्ता बांधणाऱ्या श्रमाचा. साहस हा त्यातील सर्वांत अलीकडचा पदर आहे. तरुणांच्या साहसाला कमी लेखण्याचे कारण नाही. हजारो किलोमीटर अंतर कापून अनोळखी प्रदेशात जाणे हे स्वतःच शिक्षण आहे, आणि नरसीच्या मातीला तर ते नवे नाही. मात्र आपण कोणी केलेल्या वाटेवरून गेलो, याचे भान त्या शिक्षणाचा भाग व्हावयास हवे.

यासाठी महाविद्यालयांना एक साधे काम करता येईल. हिंगोली हे एकेकाळी हैदराबाद कंटिन्जंटचे लष्करी ठाणे होते आणि सैन्यात जाण्याची वाट या भागाला अपरिचित नाही. सीमाभागात सेवा केलेले माजी सैनिक, रस्तेबांधणीत आयुष्य घालविलेले कर्मचारी आणि जुन्या गाड्या दुरुस्त करणारे वयोवृद्ध मिस्त्री यांच्या आठवणी इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी नोंदवून घ्याव्यात. लेहहून परतलेल्या विद्यार्थ्याला वर्गात बोलते करताना खिंडीची उंची विचारावीच. पण वाटेत बर्फ हटविणारे कोण होते आणि ते कोठून आले होते, हेही विचारावे. ही पिढी अजून बोलू शकते तोवर असे संकलन झाले, तर या इतिहासाची मराठी साधने पुढील अभ्यासकांच्या हाती राहतील.