न दिसणारे जोन्स

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत मी फोन उघडला आणि पहिलीच रील निघाली माझ्या जुन्या रूम पार्टनरची. गुलाल, हलगी, जेसीबीतून उधळलेली फुलं, गावाच्या वेशीवर भलामोठा फ्लेक्स. गडी फौजदार झाला होता. आम्ही चार वर्षं एकाच अभ्यासिकेत शेजारशेजारी बसलो होतो. एकाच डब्यातलं खाल्लं होतं. त्याच परीक्षेच्या मेन्सला मला कट ऑफला दोन मार्क कमी पडले होते.

मी लाइक केलं. 'अभिनंदन भावा' लिहिलं, तीन हार्ट टाकले आणि पहाटे तीनपर्यंत ती रील पुन्हा पुन्हा बघत बसलो.

त्याच्यावर राग नव्हता. तो यशाच्या लायकीचा होता, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी पुढचा आठवडा पुस्तक उघडलं की गुलालच दिसायचा. शेवटी पुस्तक मिटून मी हे दुखणं आलं कुठून, ते शोधायला लागलो. वाटलं होतं, फोनपाशी सुरू होऊन फोनपाशीच संपेल. निघालं शंभर वर्षांपेक्षा जुनं.

शेजारचं घर

१९१३ साली न्यूयॉर्कमधल्या एका वर्तमानपत्रात एक व्यंगचित्रमालिका सुरू झाली. चित्रकाराचं नाव आर्थर मोमंड, लोक त्याला 'पॉप' म्हणत. लग्नानंतर तो न्यूयॉर्कजवळच्या एका सुखवस्तू उपनगरात राहायला गेला. आजूबाजूचे लोक क्लबात जात, म्हणून यानेही क्लब धरला. ते घोड्यावर बसत, म्हणून हाही बसला. ते घरात नोकर ठेवत, म्हणून यानेही ठेवला. पगार मात्र होता तेवढाच. व्हायचं तेच झालं. नवराबायकोने गाशा गुंडाळला आणि शहरातल्या स्वस्त घरात परत आले. तिथे आल्यावर मोमंडच्या लक्षात आलं, की आपण ज्यांच्या बरोबरीला जायला धडपडत होतो, ते शेजारीही दुसऱ्या कुणाच्या तरी बरोबरीला जायला धडपडत होते.

यातून त्याने मॅकगिनिस नावाचं एक कुटुंब उभं केलं. हे कुटुंब सतत शेजारच्या जोन्स मंडळींची बरोबरी करायला जातं आणि दरवेळी तोंडावर आपटतं. मालिका पंचवीसेक वर्षं चालली. 'जोन्सची बरोबरी करणं' हा इंग्रजीत वाक्प्रचारच होऊन बसला. गंमत अशी, की एवढ्या वर्षांत जोन्स कुटुंब चित्रात एकदाही आलं नाही. फक्त त्यांच्याबद्दल बोललं गेलं. वाचकांना दिसत राहिले ते धापा टाकणारे मॅकगिनिस.

आपल्याकडे 'दुरून डोंगर साजरे' म्हणतात, ते यापेक्षा वेगळं नाही. फरक एवढाच, की आपल्या म्हणीतला डोंगर निदान दिसतो तरी.

सोबतच्यांचंच का दुखतं?

अंबानींच्या घरचं लग्न मी मजेत पाहिलं होतं. पोटात काही हललं नव्हतं. मग रूम पार्टनरच्या फ्लेक्सनेच का हलावं?

दुसऱ्या महायुद्धात सॅम्युअल स्टाउफर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसोबत लाखो अमेरिकी सैनिकांना प्रश्नावल्या भरायला लावल्या. त्याचे निष्कर्ष १९४९ साली पुस्तकरूपाने आले. त्यात एक कोडं होतं. लष्करी पोलिसांत बढत्या फार कमी, हवाई दलात भराभर. म्हणजे बढतीच्या बाबतीत हवाई दलातले लोक जास्त समाधानी असायला हवेत. निघालं उलटंच. जिथे बढती क्वचित मिळते, तिथे न मिळालेल्याला सोबत असते, कारण सगळेच तिथल्या तिथे असतात. जिथे आजूबाजूचे वर जात असतात, तिथे खाली राहिलेल्याला आपली जागा रोज दिसते.

अभ्यासिका म्हणजे अगदी हेच. निकाल लागला की दोन टेबलं रिकामी होतात. बाकीचे अठ्ठावन्न जण त्या रिकाम्या टेबलांकडे बघत पुढच्या जाहिरातीची वाट बघतात.

१९५४ साली लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने याला सिद्धांताचं रूप दिलं. आपण कसे आहोत हे मोजायला पक्की पट्टी नसली, की माणूस दुसऱ्या माणसाची पट्टी करतो. त्यातही आपल्यासारख्याच माणसाची. उंची मोजायला टेप असतो. 'माझं आयुष्य बरं चाललंय का?' याला टेप नाही. म्हणून मग वर्गमित्र, चुलतभाऊ, रूम पार्टनर. अंबानी या पट्टीत बसतच नाहीत.

तिसरी गोष्ट वाचली तेव्हा मात्र मी फोन बाजूला ठेवला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या पदकविजेत्यांचं चित्रण काही अमेरिकी संशोधकांनी लोकांना दाखवलं आणि त्यांच्या चेहऱ्यांवरचा आनंद जोखायला सांगितला. १९९५ साली त्यांनी निष्कर्ष छापला. सरासरीने कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसत होते. तिसरा आलेला म्हणतो, थोडक्यात मिळालं. दुसरा आलेला म्हणतो, थोडक्यात हुकलं.

दोन मार्क. वीस मार्क कमी पडले असते, तर कदाचित मला त्या रात्री झोप लागली असती.

आकडा आला

म्हणजे दुखणं जुनं आहे. मग आपल्या पिढीचं वेगळं काय?

आपल्या आईवडिलांच्या वेळी दहावी-बारावी बोर्डाची गुणवत्ता यादी पेपरात छापून यायची. पहिल्या पानावर पेढा भरवतानाचा फोटो. 'बघ, त्या मुलाला किती मिळाले' हे तेव्हाही होतंच. पण तो पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा. तुलनेचा एक दिवस असायचा आणि तो संपायचा.

२००४ साली ऑर्कुट आलं आणि भारतात तुफान चाललं. तिथे मित्र तुमच्याबद्दल दोन शब्द लिहायचे, तुमचे 'फॅन' किती ते दिसायचं. तरीही कुणाचं काय चाललंय हे बघायला त्याच्या पानावर जावं लागायचं. आधी जायचं ठरवावं लागायचं. फेसबुकही सुरुवातीला असंच होतं.

५ सप्टेंबर २००६ रोजी फेसबुकने न्यूज फीड सुरू केली. आता कुठे जायची गरज उरली नाही. सगळ्यांची बातमी तुमच्या दारात. ती जगापुढे मांडणारी पोस्ट लिहिली होती रुची संघवीने. पुण्यात वाढलेली ही मुलगी फेसबुकमधली पहिली महिला इंजिनिअर. लोक खवळले. निषेधाच्या ग्रुपमध्ये काही दिवसांत लाखो जण आले. आणि तो निषेध इतका वेगाने पसरला तोही फीडमुळेच! कंपनीने खासगीपणाच्या काही सोयी दिल्या, फीड मात्र ठेवली.

फेब्रुवारी २००९ मध्ये लाइकचं बटण आलं. हेतू साधा होता, कौतुक करणं सोपं व्हावं. पण प्रत्येक फोटोखाली आकडा आला आणि फेस्टिंजर म्हणत होता ती पट्टी आयती हातात मिळाली. २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं. मग ५ सप्टेंबर २०१६ ला, फीडच्या बरोबर दहाव्या वाढदिवशी, भारतात जिओ सुरू झालं आणि ही पट्टी स्वस्तात वाडीवस्तीवर पोचली. माझ्या गावात नेट नीट चालायला लागलं ते तेव्हापासून.

ज्यांनी हे बांधलं त्यांनाही पुढे शंका आली. २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने काही देशांत लाइकचे आकडे लपवून पाहिले, त्यात भारतही होता. २०२१ मध्ये आकडे लपवायचे की नाही, हे वापरणाऱ्यावर सोडून दिलं. ती सोय आजही सेटिंगमध्ये आहे. त्याच वर्षी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. इन्स्टाग्राममुळे अनेक किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल जास्त वाईट वाटतं, हे कंपनीच्या स्वतःच्या संशोधनात नोंदलेलं होतं.

मी आकडे लपवून बघितले. थोडं बरं वाटलं. पण माझं दुखणं लाइकच्या आकड्याचं नव्हतंच, ते दोन मार्कांचं होतं, आणि त्याला सेटिंग नाही.

मग एका रविवारी मी रूम पार्टनरला फोन लावला. चार महिन्यांत आमचं फक्त इमोजीवर चाललं होतं. तो नाशिकला ट्रेनिंगला होता.

"बोल की रे," तो म्हणाला. "मला वाटलं तू रागावलास."

मी रील बघून झोपलो नव्हतो, हे सांगून टाकलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आपल्या बॅचचा तो डीवायएसपी झालेला आठवतो? त्याची पोस्ट आली ना, त्या दिवशी मी जेवलो नाही. वर्दी अंगावर होती माझ्या."

आम्ही दोघंही हसलो. खूप हसलो. मला मोमंड आठवला. त्या रात्री रीलमध्ये मला जोन्स दिसले होते. फोनच्या पलीकडे निघाला तो आणखी एक मॅकगिनिस.

मी अजून अभ्यास करतो. या वर्षी शेवटचा प्रयत्न, असं घरी सांगून ठेवलंय. फीड अजूनही उघडतोच, खोटं कशाला बोलू? पण आता कुणाचा गुलाल बघून पोटात खचलं, की कमेंट लिहीत नाही. सरळ फोन लावतो.