कोयना नदी

महाराष्ट्रातील कृष्णेची महत्त्वाची उपनदी. लांबी सुमारे १३० किमी. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून ती सह्याद्रीची मुख्य रांग आणि बामणोलीची रांग यांच्यामधल्या अरुंद खोऱ्यातून दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळून पाटणमार्गे ती कऱ्हाडला कृष्णेस मिळते. हा प्रीतिसंगम. दोन्ही नद्या इथे जवळजवळ समोरासमोर येऊन भेटतात. उगमाकडे वर्षाला पाचशे सेंटिमीटरांहून अधिक पाऊस, तर संगमाकडे त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. खोऱ्यातली वस्ती बरीचशी या फरकाने ठरवली.

वरच्या खोऱ्यात मोठे गाव वसले नाही. उतारावर पाच-पंचवीस घरांच्या वाड्या, वरच्या सड्यांवर गवळी-धनगर आणि जंगल तोडून-जाळून केलेली नाचणी-वरीची फिरती शेती, असे इथले जुने जीवन. दुर्गमता हेच इथे सत्ता असलेल्या जावळीच्या मोऱ्यांचे बळ होते. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, प्रतापगड बांधवला आणि कोकणात उतरणारा पारघाट ताब्यात आला. पार गावाजवळचा कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल आजही उभा आहे. खालच्या रुंद खोऱ्याची गोष्ट वेगळी : तिथे काळी जमीन, बाजारपेठा आणि कऱ्हाडसारखे प्राचीन नगर. त्याचे ‘करहाटक’ हे नाव कोरीव लेखांत आढळते, तर जवळच आगाशिवची बौद्ध लेणी आहेत.

हेळवाकजवळ कोयनेवरच्या १०३ मी. उंचीच्या धरणाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले. त्यामागचा शिवसागर जलाशय तापोळ्यापर्यंत पसरला आणि वीजनिर्मितीसाठी पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीकडे सोडले गेले. बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या नदीचे बरेच पाणी तेव्हापासून वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. माणसांची वाट त्याआधीच पश्चिमेकडे वळली होती. जावळी-पाटणची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत कामाला होती, घरे मनीऑर्डरीवर चालत. धरणाने तळातली भातखाचरेही बुडवली. काही वाड्या डोंगरात वर सरकल्या, बाकीच्यांचे पुनर्वसन पार रायगड-ठाणे आणि सोलापूर-सांगलीकडे झाले. नातीगोती निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरली, हे नुकसान कोणत्याही मोबदल्यात मोजलेले नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणाजवळच्या कोयनानगर परिसरात ६.३ प्रतीचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली, दगडमातीची घरे कोसळली. जलाशयाच्या भाराशी व झिरपणाऱ्या पाण्याशी निगडित भूकंपांचे हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. जलाशयाच्या पश्चिमेकडचे, विस्थापनाने रिकामे झालेले रान १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि उरलेल्या वाड्यांपुढे पुन्हा स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे कोयनेचे पाणी अडल्यानंतर दशकभराहून उशिराचा.