अस्वल दाखवणारा माणूस

मराठीतील अरण्यविषयक लेखन वाचताना आपले लक्ष लेखकावर आणि जनावरावर असते. या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा असतो. माग त्याला कळतो, वारा कोणीकडून वाहतो हे तो पाहतो आणि ‘इथेच थांबा’ असे तोच सांगतो. तो बहुधा आदिवासी असतो आणि लेखनात त्याची जागा बहुधा एखाद्या वाक्यापुरती असते. त्याचा इतिहास आम्ही येथे अस्वलाच्या निमित्ताने थोडक्यात मांडणार आहोत. वाघ मुद्दामच बाजूला ठेवला आहे. वाघाभोवती दैवत आणि दरारा यांचे इतके मोठे वलय आहे की त्याच्यापुढे वाटाड्या दिसेनासा होतो.

आरंभ नावापासून करू. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने आपल्याकडील अस्वलाचे वर्णन केले, तेव्हा त्याने या प्राण्याला दक्षिण अमेरिकेतील स्लॉथ या झाडाला लोंबकळणाऱ्या सुस्त प्राण्याच्या कुळात घातले. लांब वाकड्या नख्या आणि वरच्या जबड्यातील दोन दातांचा अभाव यांवरून हा घोटाळा झाला. पुढे चूक सुधारली, तरी इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ हे नाव चिकटले ते चिकटलेच. त्या नख्या वारूळ फोडण्यासाठी असतात आणि दातांच्या त्या फटीतून अस्वल वाळवी ओढून घेते. अस्वलाच्या रानात राहणाऱ्याला फोडलेले वारूळ पाहूनच कळते की येथून कोण गेले. ज्ञान होते, पण ते नोंदवणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचले नव्हते.

अस्वल ‘दाखवण्या’चे व्यवसाय आपल्याकडे तीन झाले. पहिला दरवेशाचा. वेसण घातलेले अस्वल दारोदार नाचवणारा आणि त्याचे केस ताईतासाठी विकणारा दरवेशी मागच्या पिढ्यांना चांगला आठवतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही हा धंदा रेंगाळला आणि २००९च्या सुमारास देशातून जवळजवळ संपला. दुसरा व्यवसाय साहेबाच्या शिकाऱ्याचा, म्हणजे माग काढून देणाऱ्याचा. तिसरा आजच्या गाइडचा. पहिल्यात जनावर माणसांच्या वस्तीत आणले जाई. उरलेल्या दोघांत माणूस जनावराच्या वस्तीत नेला जातो. आमचा विषय या दोघांपुरता आहे.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचे मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ मुलखावरचे इंग्रजी पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले. सातपुडा, गोंड, कोरकू आणि शिकार हे सारे त्यात एकत्र येते. या प्रकारच्या शिकारवाङ्मयाची रीत अशी की बंदुकीचा तपशील येतो, जनावराची लांबी येते. वाटाड्या मात्र जमातीच्या नावाने येतो. ‘एक गोंड’, ‘एक कोरकू’. त्याचे ज्ञान उपजत गंधासारखे समजले जाते, शिकून मिळवलेल्या विद्येसारखे नव्हे.

मराठीत ही रीत मोडण्याचे मोठे श्रेय मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांना द्यावे लागते. वनाधिकारी म्हणून नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे काम करताना त्यांनी रानातल्या माणसांची बोली शब्दाशब्दाने टिपली. आदिवासींकडून आपण शिकलो, हे त्यांनी उघडपणे मान्य केले. २००६च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले; त्या सन्मानात या अनाम गुरूंचाही वाटा होता असे आम्हांस वाटते.

आता मेळघाटाकडे येऊ. १९७३-७४मध्ये झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी हा एक. येथील कोरकूंची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे नात्याने संताळी-मुंडारीच्या जवळची. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडू लागली की पहाटे ती वेचायला बायका निघतात आणि त्याच फुलांवर अस्वलही येते. अस्वलाचे नाक तीक्ष्ण, पण नजर व कान बेताचे. खाण्यात दंग असताना माणूस अचानक समोर आला की ते बिथरून चेहऱ्यावर झडप घालते. म्हणून रानात बोलत, खाकरत चालायचे, ही तेथील साधी शहाणीव.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. या लोकांचे अस्वलविषयीचे ज्ञान मुख्यतः भेट टाळण्यासाठी घडलेले आहे. पर्यटक मात्र भेटीसाठी पैसे मोजतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवरील मचाणांवर निसर्गप्रेमींना बसवते. तेथे अपेक्षा असते ती निःशब्द बसण्याची. जे ज्ञान आवाज करायला शिकवत होते, तेच आता गप्प राहण्यासाठी वापरायचे. हा बदल लहान नाही. शिवाय एकविसाव्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे याच प्रकल्पातून बाहेर हलवली गेली. मोह वेचणारी वस्ती उठली, तर पुढच्या पिढीच्या गाइडला ही विद्या कोण देणार?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेमटू येथे, कितासू-हायहायस या मूलनिवासींनी वेगळा मार्ग काढला. पांढऱ्या ‘स्पिरिट बेअर’साठी प्रसिद्ध असलेल्या अरण्यातील पर्यटकनिवास त्यांच्या स्वतःच्या मालकीचा आहे. किनाऱ्यावरील मूलनिवासींनी २०१२मध्ये आपल्या मुलखात हौशी अस्वलशिकारीवर बंदी जाहीर केली. प्रांतिक सरकारने ग्रिझली अस्वलांची शिकार २०१७मध्ये थांबवली. तेथे वाटाड्या यजमान आहे. आपल्याकडे तो अद्याप बहुधा फेरीमागे मोबदला घेणारा माणूस आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क दिले खरे, पण पर्यटनाच्या फाटकाशी ते हक्क अजून पुरते पोचलेले नाहीत.

हे सारे दूरचे वाटू नये. आम्ही लिहितो त्या हाटकेशच्या पूर्वेला महामार्ग आणि त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. तेथे प्रसिद्धी बिबट्याची. त्याच रानात वारली पाडे आहेत आणि वाघोबाची पूजा आहे. बिबट्याविषयी त्या पाड्यांना काय विचारले जाते, यापेक्षा त्यांचे उत्तर कोणाच्या नावाने छापले जाते, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

अरण्यवाङ्मय वर्गात शिकवताना एक साधा अभ्यास करून पाहता येईल. कोणताही उतारा घ्यावा आणि त्यातील प्रत्येक माहितीपुढे ती मुळात कोणाला ठाऊक होती हे लिहावे. लेखकाचे नाव किती वेळा येते आणि ‘एक गोंड’, ‘एक कोरकू’ किती वेळा, ते मोजावे. समीक्षेचे पुष्कळसे काम तेवढ्यानेच सुरू होईल.