घरी जुळविलेल्या संगणकाचा वीजपुरवठा : दोषनिदानाचा इतिहास

घरी जुळविलेल्या संगणकांच्या इतिहासात वीजपुरवठ्याचा उल्लेख क्वचितच येतो. वस्तुतः यंत्र बंद पडले असता दोष कोठे शोधावयाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर वीजपुरवठ्याच्या रचनेबरोबर पालटत गेले आहे.

१९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाने ऑल्टेअर ८८०० हा सुट्या भागांचा संच वाचकांपुढे आणला. त्यात सुमारे ८ व्होल्टचा अनियंत्रित दाब सर्व कार्डांना मिळे व प्रत्येक कार्डावरील रेग्युलेटर तो ५ व्होल्टवर आणी. एकच कार्ड निकामी झाल्यास प्रथम त्यावरील रेग्युलेटर तपासणे युक्त होते. पुढे १९७७ च्या ॲपल-२ साठी रॉड होल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा पुरवठा रचला; १९८१ च्या आयबीएम पीसीतही तीच पद्धत होती. दाबाचे नियमन आता एका बंद पेटीत एकवटले. आपल्याकडे ही पेटी एसएमपीएस ह्या नावाने परिचित आहे.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स रचना प्रसृत केली, आणि निदान अधिक बिकट झाले. पूर्वीच्या एटी पद्धतीत बटण वीजप्रवाह प्रत्यक्ष तोडी वा जोडी. आता ते मदरबोर्डाला केवळ सूचना देते व मदरबोर्ड हिरव्या तारेवाटे पेटीस चालू करतो. म्हणून संगणक सुरू न झाल्यास दोष बटणात, बोर्डात की पेटीत, हे लक्षणावरून सांगता येत नाही. पेटी विलग करून हिरवी तार काळ्या तारेस जोडण्याची चाचणी ह्यातूनच रूढ झाली.

तथापि पंखा फिरला म्हणजे पेटी निर्दोष, हे अनुमान टिकत नाही. भाराविना योग्य दिसणारा दाब भार पडताच ढासळू शकतो. १२ व्होल्टच्या तारेवरील दाब भार असताना ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मर्यादेत राहिला पाहिजे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी निकृष्ट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगून अनेक यंत्रे बिघडली. अशा बिघाडात संगणक साफ बंद न पडता मध्येच पुन्हा सुरू होतो आणि दोष मेमरीवर वा प्रणालीवर लादला जातो.

सारांश, पूर्ण मृत पेटीपेक्षा अर्धजीवी पेटी निदानास अधिक कठीण असते. अशा वेळी एका वेळी एकच भाग बदलून पाहणे, हाच खात्रीचा मार्ग होय. अन्यथा सुस्थितीतील भाग टाकले जातात व दोष तसाच राहतो. पेटी उघडण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. वीज तोडल्यानंतरही तिच्या कपॅसिटरांत प्राणघातक भार काही काळ साठून राहतो.